बारा तास करतो म्हटलं, तर नोकरी वाचेल का?

पत्र

आदरणीय ताई,

मी संभाजीनगरजवळ वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या यंत्रांवर, ऑपरेटर आहे. आयटीआय फिटर, वय ४१, सर्व्हिस १६ वर्षं. गाव गेवराई तालुक्यात, राहतो रांजणगावला. दोन लेकरं, मोठी अकरावी सायन्सला. बेसिक-डीए १८,२००, सगळं मिळून २०,६००. वर महिन्याला ६५ तासांच्या आसपास ओटी (ओव्हरटाइम) होतो, त्याचे साडेसहा हजार व्हाउचरवर मिळतात, सिंगलनं, म्हणजे साध्याच दरानं. घराचा हप्ता ९,४००.

कंपनीत कायम कामगार २२०, ठेकेदाराची पोरं वेगळी. युनियन नाही. गेल्या महिन्यात एचआरनं एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. ऑर्डर कमी झाल्यात, ऑटोमेशन येतंय, ६० माणसं कमी करायचीत म्हणाले. राजीनामा लिहून दिला तर सगळा हिशोब धरून पावणेचार लाख. नाही दिला तर उत्तराखंडच्या प्लांटला बदली. बोलावलेले बहुतेक जुने आहेत, तीन-चार वर्षांची पोरं तशीच ठेवली. आणि पुढच्या महिन्यापासून तीनच्या दोन शिफ्ट होणार, बारा-बारा तासांच्या, असं सुपरवायझर सांगतो.

मी साहेबांना म्हणालो, बारा तास करतो, रविवारी बी येतो, पण मला ठेवा. ते म्हणाले, विचार करू. भाऊ म्हणतो गावाकडं ये, तीन एकर आहेच. बायको म्हणते पोरीची बारावी होईस्तोवर हलायचं नाही. सोबत कालनिर्णयच्या पानाचा फोटो पाठवलाय, माझे ओटीचे तास मी त्यावरच लिहितो. ताई, १६ वर्षांत माझा एक लेट पंच नाही. मी कुठं कमी पडलो? आणि बारा तास करतो म्हटलं, तर नोकरी वाचेल का?

— एक ऑपरेटर, वाळूज

उत्तर

भाऊ,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्याशीच बांधलेलं आहे. बारा तास केल्यानं तुमची नोकरी वाचणार नाही. बारा तासांची शिफ्ट बसवायची ठरली म्हणूनच तुमच्याकडं साठ माणसं 'जास्त' झाली आहेत.

कागद घ्या आणि मांडून बघा. एक प्रेस आठवड्याचे सहा दिवस तीन पाळ्यांत चालतो. माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो, म्हणजे त्या प्रेसला तीन माणसं लागतात. तोच प्रेस दोघांवर चालवायचा तर प्रत्येकाच्या वाट्याला ७२ तास येतात, आणि तिसरा घरी जातो. 'तीनच्या दोन शिफ्ट' असं सुपरवायझर म्हणाला तेव्हा तो या तिसऱ्या माणसाबद्दलच बोलत होता, फक्त त्याचं नाव घेतलं नाही. तो तिसरा आपण होऊ नये म्हणून तुम्ही साहेबांना बारा तास कबूल केले. तुमच्याआधी केबिनमधून बाहेर आलेल्यानंही तेच कबूल केलं असणार. सगळ्यांनी कबूल केलं की साहेबांचा हिशोब जमला.

ऑर्डर कमी झाल्या हे कारणही नीट तपासा. काम खरोखर कमी झालं असेल तर सगळ्यात आधी ओटी बंद होतो. कुठल्याही शॉपमध्ये हेच होतं, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्याकडं ओटी महिन्याला ६५ तास चालू आहे, वर दिवस बारा तासांचा होणार आहे, आणि माणसं मात्र जास्त झालीत. या तीन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

आता कायदा बघू. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातला कामाचा दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. बातमीत 'बारा तास' एवढंच मोठ्या अक्षरात आलं आणि लोकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. खालच्या ओळी कुणी वाचल्या नाहीत. आठवडा ४८ तासांचाच आहे. त्यावरचा प्रत्येक तास दुपटीनं द्यायचा आहे. ओटीसाठी कामगाराची लेखी संमती लागते. आणि तीन महिन्यांत ओटी जास्तीत जास्त १४४ तास, आधी ही मर्यादा ११५ होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांतही (जुने कामगार कायदे एकत्र करून केंद्रानं केलेले चार नवे कायदे) आठवडा ४८ तासांचा, ओटी दुपटीचा आणि संमतीचाच आहे. म्हणजे बारा तासांची शिफ्ट कायद्यात बसवायची तर चार दिवस काम, आणि पाचव्या दिवशी जेमतेम अकरा तासांचा ओटी (१४४ भागिले तिमाहीचे १३ आठवडे). आठवड्याचे ७२ तास केले तर तिमाहीत ३१२ तास ओटी होतो. ३१२ आणि १४४ यांत अंतर किती आहे ते तुम्हीच बघा.

तुमच्या कालनिर्णयच्या पानावर रोजच्या चौकोनात 'ओटी ४', 'ओटी ३', एका रविवारी 'फुल' असं निळ्या पेनानं लिहिलंय, आणि त्याच चौकोनात कोपऱ्यात दुधाचा हिशोब आहे. महिन्याला ६५ म्हणजे तिमाहीला १९५ तास. नवी मर्यादाही तुम्ही कधीच ओलांडून बसला आहात, आणि तेही सिंगलनं. त्याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही. हातात साधारण अठरा हजार येतात आणि हप्ता ९,४०० चा असतो, तेव्हा ओटीला नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पण ओटीचा दर दुप्पट का ठेवला हे लक्षात घ्या. कामगाराच्या हातात चार पैसे जास्त पडावेत एवढ्यासाठी तो नाही. मालकाला ओटी महाग पडावा आणि त्यापेक्षा नवीन माणूस घेणं परवडावं, यासाठी तो आहे. दुपटीचा दर सिंगलवर आला की ती भिंतच पडते. मग जुन्या माणसाला पिळून घेणं स्वस्त, नवीन माणूस घेणं महाग. शंभर प्रेसच्या शॉपचं उदाहरण घ्या. ४८ तासांच्या हिशोबानं तिथं ३०० माणसं लागतात. प्रत्येकानं कायद्यात बसतो तेवढाच, म्हणजे आठवड्याला ११ तास ओटी केला, तरी तेच काम २४४ माणसांत उरकतं. ५६ माणसं निघाली, आणि नवीन यंत्र एकही आलेलं नाही. ऑटोमेशन काही ठिकाणी खरं असतं, ते मी नाकारत नाही. पण रोबोट येण्याच्या आधी नुसत्या घड्याळावर किती माणसं कमी होतात हेही कुणीतरी मोजायला हवं.

हे उलट्या दिशेनंही करता येतं. शेंद्र्यात ज्या समूहाचा कारखाना आहे त्या फोक्सवॅगनचंच घ्या. १९९३ मध्ये जर्मनीत त्यांच्याकडं ३० हजारांच्या आसपास माणसं जास्त झाली होती. कंपनी आणि युनियन यांनी मिळून आठवडा ३६ तासांवरून २८.८ तासांवर आणला. पगार कमी झाला, काम वाटून घेतलं, माणसं राहिली. जर्मनीत यासाठी सरकारी सोयही आहे. मंदीत कंपनीनं तास कमी केले तर बुडालेल्या पगाराचा मोठा भाग, साधारण ६० टक्के आणि लेकरं असतील तर ६७, बेरोजगारी विम्यातून मिळतो. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनात, तिथले सुमारे ६० लाख कामगार अशा कमी तासांवर होते. नोकरीवर होते, हे महत्त्वाचं. हे कायम टिकतं असंही नाही. पुढं फोक्सवॅगननं तास परत वाढवले, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये २०३० पर्यंत ३५ हजारांवर जागा कमी करायचा करार झाला. पण तोही करार युनियनसोबत टेबलावर बसून झाला, आणि त्यात सक्तीनं कुणाला काढायचं नाही असं ठरलं. एकेकाला केबिनमध्ये घेऊन नाही.

आपल्याकडंही तास काही आपोआप कमी झालेले नाहीत. नारायण मेघाजी लोखंडेंच्या लढ्यातून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ते साल १८९०. १९११ च्या कायद्यात कापड गिरणीतला पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांचा होता. १९२२ मध्ये आठवडा ६० तासांचा झाला, १९३४ मध्ये ५४ चा, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य, म्हणजे मंत्र्यासारखे, असताना १९४६ मध्ये ४८ चा. (व्हॉट्सअ‍ॅपवर 'बाबासाहेबांनी १४ चे ८ तास केले' असं फिरतं. ५४ चे ४८ हे कागदावरचं खरं आहे, आणि ते पुरेसं मोठं आहे.) मोठमोठे साहेब आज ७० आणि ९० तासांच्या गोष्टी करतात, त्यांना हा जिना उलटा उतरायचा आहे. बारा तासांचा दिवस ही नवी गोष्ट नाही, १९११ ची आहे.

आता राजीनाम्याचं. इथं सावकाश वाचा.

तुम्हाला 'कमी' करायचं असेल तर कंपनीकडं कायद्यानं दिलेला रस्ता आहे, कामगार कपातीचा. जुन्या कायद्यात शंभर आणि जास्त कामगार असलेल्या कारखान्याला त्यासाठी सरकारची आधी परवानगी लागायची. नव्या औद्योगिक संबंध संहितेत तो आकडा ३०० झाला, म्हणून तुमच्या २२० च्या कंपनीला आता परवानगी लागत नाही. पण नोटीस लागते, नुकसानभरपाई लागते, सरकारला कळवावं लागतं. आणि एक नियम जसाच्या तसा राहिला आहे: त्या प्रकारच्या कामावर जो शेवटी आला तो आधी जाईल. हा क्रम मोडायचा तर कंपनीला कारण लेखी नोंदवावं लागतं. पुढच्या वर्षभरात कंपनीनं परत भरती काढली तर कमी केलेल्यांना आधी विचारावं लागतं.

म्हणजे कपात केली तर सोळा वर्षांचा ऑपरेटर राहतो आणि तीन वर्षांचा जातो. कंपनीला नेमकं उलटं हवंय. जुना माणूस महाग असतो, त्याची ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम) दर वर्षी वाढते, त्याला नियम माहीत असतात. म्हणून कपातीची नोटीस लावायची नाही, राजीनामा घ्यायचा. राजीनामा दिला की ज्येष्ठता नाही, नोटीस नाही, भरपाई नाही, परत बोलावणं नाही. 'त्यांनी स्वखुशीनं सोडलं' एवढं एक वाक्य उरतं, तुमच्या सहीचं.

पावणेचार लाखांत काय आहे तेही बघू. हिशोब मी तुमच्या बेसिक-डीएवरच, म्हणजे कमीत कमी धरून करते. ग्रॅच्युइटी: १८,२०० ला २६ नं भागून १५ नं गुणायचं, १०,५०० आले, गुणिले १६ वर्षं, १,६८,०००. ही तुम्ही राजीनामा दिला तरी मिळतेच. हे बक्षीस नाही. कपातीची भरपाई: दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, इथं निम्मा महिना धरून ९,१००, गुणिले १६, १,४५,६००. नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार १८,२००. नव्या संहितेप्रमाणे कपात झालेल्याला नवं कौशल्य शिकण्यासाठी १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम मिळते, ९,१००. साठलेली रजा ३० दिवस धरली तर, परत २६ नं भागून, २१,०००. बेरीज ३,६१,९००. साहेब देतात ३,७५,०००. म्हणजे सोळा वर्षांची जागा आणि ज्येष्ठता सोडायची किंमत तेरा हजार शंभर रुपये लावली आहे. आपल्याच गोठ्यातली म्हैस सोडून आणून आपल्यालाच आहेर करण्यातली ही गत आहे.

आणि ओटी? दुपटीऐवजी सिंगल मिळाल्यानं महिन्याला साडेसहा हजार बुडाले. असा दावा तीन वर्षांपर्यंतचा करता येतो. ३६ महिन्यांचे २,३४,००० होतात. 'फुल अँड फायनल, माझं काही येणं राहिलं नाही' या ओळीखाली सही केलीत की हेही गेलं. म्हणून कालनिर्णयची जुनी पानं रद्दीत घालू नका. भिंतीवरचं कॅलेंडर एकटं पुरावा म्हणून पुरत नाही, पण व्हाउचर, पंचिंगचे फोटो, कंपनी बसच्या वेळा आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसाची साक्ष यांना जोडलं की वजन येतं. ओटीचा आणखी एक तोटा कुणी सांगत नाही: तो पैसा पीएफमध्येही मोजला जात नाही आणि ग्रॅच्युइटीतही नाही. तुम्ही दिले ते तास मागं काहीच ठेवून गेले नाहीत.

राजीनाम्यानं अजून एक दार बंद होतं, ते ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं. तुमचा पगार ओटी सोडून २१ हजारांच्या आत आहे, म्हणजे तुम्ही विम्यात आहात. कपातीमुळं किंवा कारखाना बंद पडून नोकरी गेली तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत पहिलं वर्षभर सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम मिळते आणि घरच्यांचा दवाखानाही चालू राहतो. स्वतः सोडलेल्याला ही योजना नाही. एचआरच्या माणसानं हे केबिनमध्ये सांगितलं नसणार.

तर आता करायचं काय?

सही करू नका. केबिनमध्ये परत बोलावलं तर 'घरी विचारून सांगतो' म्हणून बाहेर या. तोंडी भांडू नका, आवाज चढवू नका, त्याच्यावरून वेगळा मेमो निघतो. दुसऱ्या दिवशी साधा अर्ज द्या, मराठीत चालतो. एवढंच लिहा: 'मला राजीनामा द्यायचा नाही. कामगार कपात करायची असल्यास प्रेस शॉपची ज्येष्ठता यादी लावावी आणि कायद्याप्रमाणे नोटीस व भरपाई द्यावी. ४८ तासांवरच्या कामाला माझी संमती दुप्पट दराशिवाय नाही. मी रोज कामावर हजर आहे.' पोच मागा. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती घरी ठेवा, कंपनीच्या लॉकरमध्ये नको.

बदलीचं पत्र आलं तर रागानं 'जाणार नाही' असं लिहून देऊ नका, हुकूम मोडला म्हणून तेवढंच कारण मिळतं. आधी नेमणूकपत्र काढून बदलीची अट आहे का वाचा. मग लेखी विचारा: तिथं काम कुठलं, पगार किती, राहण्याची सोय काय, आणि इथं तेच काम करणारी नवीन पोरं असताना मीच का? तसंच अचानक 'टीम लीडर' वगैरे हुद्दा देऊन पत्र हातात ठेवलं तर खूश होऊ नका, कामगार या व्याख्येतून बाहेर काढायचा तो जुना रस्ता आहे. कायदा हुद्दा बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतो, पण ते सिद्ध करायची कटकट मागं लागते.

गेटवर अडवलं तर घरी जाऊन झोपू नका. त्याच दिवशी, तारीख-वेळ घालून, 'मी हजर झालो, मला आत घेतलं नाही' असं पत्र कंपनीला आणि एक प्रत कामगार उपायुक्त कार्यालयाला. न सांगता गैरहजर राहिला, असा कागद कंपनी तयार करते तेव्हा तुमचं हे पत्र कामाला येतं.

आणि हे एकट्यानं करू नका. साठ जणांना एकेकाला बोलावलं ते उगंच नाही. तुम्हाला वाटतंय तेच त्या सगळ्यांना वाटतंय, आणि प्रत्येकजण घरी जाऊन 'मी जास्तीचे तास करतो म्हटलं असतं तर' असा विचार करत बसलाय. त्यांतले दहा-पंधरा जण एका रविवारी बसा. अर्ज एकाच मजकुराचे, वेगवेगळ्या सह्यांचे द्या. आणि कंपनीपुढं एक गोष्ट मांडा: काम कमी असेल तर आधी ओटी बंद करा, मग ठेकेदाराची माणसं किती लागतात ते बघा, तरीही भागत नसेल तर काही महिने सगळ्यांचेच दिवस कमी करून काम वाटा. माणूस काढायचं सगळ्यात शेवटी.

हे मांडताना एक गोष्ट तुम्हाला गिळावी लागेल. ओटी बंद झाला तर तुमचे साडेसहा हजारही बंद. 'ओटीही हवा आणि माणसंही नकोत काढायला' ही मागणी टिकत नाही. तुमचं घर दोन-तीन वर्षांत ओटीच्या पैशावर उभं राहिलंय, ते पगारावर आणायला त्रास होईल. हप्ता थकायच्या आधी बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी होतो का विचारा. थकल्यावर गेलात तर तोच मॅनेजर वेगळ्या आवाजात बोलतो.

प्रेस शॉपचं अजून एक, आणि हे तुमच्या बायकोनंही वाचावं. बारा तासांची शिफ्ट, वर बसमध्ये जाऊन-येऊन दीड-दोन तास. वाळूजमध्ये बोटं गेलेली माणसं रस्त्यावर दिसतात, त्यांना विचारा कितव्या तासाला गेली. डोळा मिटतो, हात आत राहतो. हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर बंद करून प्रॉडक्शन काढायला लावत असतील तर तेही लिहून ठेवा. कामाच्या तासांची आणि सुरक्षिततेची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं जाते, राजीनामा-कपातीची कामगार उपायुक्तांकडं. दोन्ही वेगळी दारं आहेत.

'मी कुठं कमी पडलो?' याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. सोळा वर्षांत लेट पंच नाही, तरी यादीत नाव आलं, आणि तीन वर्षांच्या पोराचं आलं नाही. ती यादी कामावरून बनलेलीच नाही, पगारावरून बनली आहे. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या कंपनीनं १२ हजारांच्या आसपास लोक कमी करायचं जाहीर केलं. तिथं रोख मधल्या आणि वरच्या लोकांवर होता, ज्यांची पोरं पुण्यातल्या चांगल्या शाळांत शिकतात. तीही काही लेट येणारी माणसं नव्हती.

भावाच्या बोलण्यात माया आहे, हिशोब नाही. तीन एकर कोरडवाहूवर एक घर भागत नाही तिथं दुसरं कसं भागेल? २०२५ च्या सप्टेंबरात पुरानं आपल्याकडची वावरं खरवडून नेली, आणि जे सोयाबीन वाचलं त्याला ५,३२८ चा हमीभाव असून मोंढ्यात त्याच्या खालीच बोली लागली. गेवराईवाल्याला हे मी काय सांगणार. गाव आहे ते असू द्या, आजारपणाला, सणावाराला. उद्या नोकरी गेलीच आणि पैसा हातात आला, तर तो बोअरमध्ये घालू नका, पोरीच्या दोन वर्षांची फी आणि वर्षभराचा हप्ता बाजूला काढा. पीएफही मोडायची घाई नको. सेवा १० वर्षांच्या वर गेल्यामुळं पेन्शनचा हक्क पक्का आहे. बायको म्हणते ते बरोबर आहे, बारावी होईपर्यंत हलू नका.

नोकरी राहो न राहो, एक काम आत्ताच सुरू करा. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसी-व्हीएमसीचे (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचे) छोटे कोर्स असतात, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, तिथं चौकशी करा. फिटरच्या हाताला प्रेस टूलची देखभाल जमली तर ४१ हे वय आड येत नाही, ऑपरेटरच्या जागेला मात्र येतं. बिडकीनला टोयोटा येणार म्हणून थांबू नका. करार २०२४ च्या जुलैमध्ये झाला, पण असे कारखाने उभे राहायला वर्षं लागतात, आणि उभे राहिले की आधी आयटीआयमधून नुकतीच निघालेली पोरं घेतात.

अर्ज याच आठवड्यात द्या, शिफ्ट बदलायच्या आधी. पोच मिळाली नाही, किंवा गेटवर अडवलं, तर तारखेसकट परत लिहा. तिथून पुढं वकील लागतो, आणि तो कसा निवडायचा हे तेव्हा सांगते.